हिंडेनबर्गची चौकशी

१९३७ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस सायंकाळीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, लेकहर्स्ट येथील नाविक दलाच्या हवाई तळावर, शिकागोच्या एका रेडिओ-केंद्राचा निवेदक हर्बर्ट मॉरिसन ध्वनिमुद्रणाची सामग्री मांडून उभा होता. बरोबर चार्ल्स नेहल्सन हा त्याचा तंत्रज्ञ होता. काम तसें साधेंच होतें. 'हिंडेनबर्ग' हें जर्मनीचें प्रचंड हवाई जहाज अटलांटिक महासागर ओलांडून येत होतें; त्याच्या आगमनाचें वर्णन तबकडीवर टिपून घ्यावयाचें आणि पुढें सवडीनें श्रोत्यांस ऐकवावयाचें, एवढाच बेत होता. मॉरिसन संथ, ठरीव आवाजांत बोलत होता. सात वाजून पंचवीस मिनिटें झालीं आणि एकाएकीं त्याचा स्वर फाटला. हादऱ्यानें तबकडीवरची सुई उडाली. नेहल्सननें ती पुन्हां जागेवर ठेवली. त्यानंतर तबकडीवर उमटला तो वर्णन करावयास आलेल्या माणसाचा रडवेला आक्रोश. दुसऱ्या दिवशीं साऱ्या अमेरिकेनें तो ऐकला.

त्या तबकडींत सर्व कांहीं आहे. नाहीं ती एकच गोष्ट. आग लागली कशी, हें ती सांगत नाहीं. त्या दिवशीं तळावर चित्रपटवाल्यांचे कॅमेरेहि सज्ज होते. परंतु आगीची पहिली ज्वाळा दिसली त्या क्षणीं त्यांचीं भिंगें जहाजाच्या शेपटाकडे वळलेलीं नव्हतीं. कोणी जमिनीवरील माणसें टिपीत होता, कोणी नांगरण्याचा मनोरा. ज्या एका क्षणाचें उत्तर पुढें दोन राष्ट्रांचीं चौकशी-मंडळें शोधीत बसलीं, तो क्षण कोणाच्याच फितीवर उतरला नाहीं. इतक्या साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत घडलेली आणि तरीहि मुळापाशीं अशी कोरी राहिलेली दुर्घटना विरळा. आणि जेथें मूळ कोरें असतें तेथें तर्काला रान मोकळें मिळतें.

हिंडेनबर्ग हें मानवानें बांधलेलें सर्वांत मोठें उडतें यान होतें. त्याची लांबी सुमारें ८०४ फूट होती. ड्युरालुमिन नांवाच्या हलक्या मिश्रधातूचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेलें आणि रोगण चढविलेलें कापडी आवरण, आंत वायूनें भरलेले १६ प्रचंड कोश, आणि ओढण्यास चार डिझेल एंजिनें, अशी त्याची रचना होती. १९३६ च्या मार्चमध्यें तें प्रथम आकाशांत चढलें आणि त्या एका वर्षांत अमेरिकेच्या १० फेऱ्या त्यानें बिनबोभाट केल्या. प्रवाशांना निजावयास स्वतंत्र खोल्या, जेवणाचें दालन, फिरण्यास सज्जे, आणि, वाचून आश्चर्य वाटेल, धूम्रपानाची एक खोलीसुद्धां होती. त्या खोलींतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां किंचित् अधिक ठेवीत, म्हणजे चुकून सुटलेला वायु आंत शिरूं नये. विडी पेटवावयास तेथें विजेवर तापणारें एकच साधन असे. प्रवाशांच्या आगपेट्या जहाजावर चढतांनाच काढून घेत.

एवढ्या दक्षतेचें कारण उघड होतें. कोशांतील वायु हायड्रोजन होता. जहाजाची आखणी करतांना हेलियम हा न पेटणारा वायु वापरावा असा विचार होता. परंतु हेलियमचा साठा हातीं होता तो अमेरिकेच्या, आणि तेथील कायद्यानें त्याच्या निर्गतीस बंदी होती. तेव्हां जर्मनांनीं आपल्या जुन्या, स्वस्त आणि जात्याच ज्वालाग्राही हायड्रोजनवरच भिस्त ठेवली. त्यांना तो वापरण्याचा सरावहि दांडगा होता. झेपेलिन जहाजांच्या प्रवासी वाहतुकींत १९३७ पर्यंत एकाहि प्रवाशाचा बळी पडलेला नव्हता, आणि या गोष्टीचा त्या कारखान्यास सार्थ अभिमान होता. इंग्रजांना तें भाग्य लाभलें नव्हतें. कराचीस यावयास निघालेलें 'आर १०१' हें त्यांचें जहाज १९३० च्या ऑक्टोबरांत फ्रान्समध्यें बोव्हे गांवाजवळ कोसळून जळालें आणि त्यांतील ५४ पैकीं ४८ माणसें दगावलीं. कराची त्या वेळीं मुंबई इलाख्यांतच होती. त्या जहाजासाठीं तेथें उभारलेली अवाढव्य छपरी आणि मनोरा हीं पाहुण्याची वाट पाहत तशींच उभीं राहिलीं. इंग्रजांनीं त्यानंतर हवाई जहाजांचा नाद सोडला. जर्मनांनीं सोडला नाहीं.

३ मे रोजीं सायंकाळीं फ्रँकफुर्टहून हिंडेनबर्ग निघालें तेव्हां त्यावर ३६ प्रवासी आणि ६१ नोकरवर्ग अशीं ९७ माणसें होतीं. कप्तान माक्स प्रुस हे होते. झेपेलिन कंपनीचे दुसरे अनुभवी कप्तान एर्न्स्ट लेहमान हे केवळ निरीक्षक म्हणून आले होते. समोरून येणाऱ्या वाऱ्यांमुळें जहाजास उशीर झाला. ६ तारखेस सकाळीं पोंचावयाचें तें दुपारीं चारच्या सुमारास लेकहर्स्टवर आलें. तेथें विजांचा गडगडाट चालू होता. प्रुस यांनीं जहाज किनाऱ्याकडे वळविलें आणि वादळ ओसरेपर्यंत तें हिंडत ठेविलें. तळाचे अधिकारी कमांडर रोझेंडाल यांचा अनुकूल संदेश आल्यावर सातनंतर जहाज परतलें. वारा दिशा बदलीत होता, म्हणून उतरतांना त्यास आधीं डावीकडे आणि मग उजवीकडे असें तीव्र वळण घ्यावें लागलें. शेपूट जड झाल्याचें दिसत होतें. तोल साधण्याकरितां पाणी सोडण्यांत आलें आणि सहा माणसांना पुढें नाकाकडे धाडण्यांत आलें. सात वाजून एकवीस मिनिटांनीं नाकाकडचे दोर खालीं पडले. रिमझिम पाऊस होता. चार मिनिटें गेलीं. मग शेपटाच्या वरच्या पंखाच्या किंचित् पुढें ज्वाळा दिसली, आणि अवघ्या ३४ सेकंदांच्या सुमारास त्या अजस्र यानाचा तापलेला सांगाडा तेवढा जमिनीवर उरला.

जहाजावरील ३५ आणि जमिनीवरील एक अशीं ३६ माणसें मेलीं. आगीचें तें रूप पाहतां ६२ जण वांचले हेंच नवल. त्याच वेळीं 'ग्राफ झेपेलिन' हें दुसरें जहाज ब्राझिलहून जर्मनीकडे परत येत होतें. त्याच्या कप्तानाला बिनतारी संदेशानें वार्ता कळली. जमिनीवर पाय ठेवीपर्यंत त्यानें ती प्रवाशांना कळूं दिली नाहीं.

घातपाताची शंका पहिल्या रात्रींच निघाली, आणि ती निघावी यांत नवल कांहींच नव्हतें. हिंडेनबर्गच्या शेपटावरील उभ्या पंखांवर नाझी पक्षाचें स्वस्तिक रंगविलेलें होतें. १९३६ च्या मार्चमध्यें हिटलरनें घेतलेल्या सार्वमताच्या वेळीं याच जहाजानें जर्मन शहरांवर घिरट्या घालून पत्रकांचा पाऊस पाडला होता आणि ध्वनिक्षेपकांतून प्रचाराचीं भाषणें ऐकविलीं होतीं. झेपेलिन कंपनीचे वृद्ध प्रमुख डॉ. ह्यूगो एकेनेर यांनीं त्याबद्दल नापसंती दाखविली तेव्हां गोबेल्सनें त्यांचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास मनाई केली. असें जहाज जेव्हां न्यूयॉर्कच्या इमारतींवरून डौलानें जाई, तेव्हां खालून मान वर करून पाहणाऱ्या सर्वांच्या मनांत कौतुकच असेल असें नव्हे. वॉशिंग्टनमधील जर्मन वकिलातीस धमकीचीं पत्रें आलीं होतीं. मिल्वॉकी शहरांतील एका बाईनें तर जहाजांत बाँब ठेवला जाईल असा इशारा लेखी दिला होता. निघण्यापूर्वीं जहाज तपासण्यांत आलें होतें, प्रवाशांचें सामान बारकाईनें पाहण्यांत आलें होतें, आणि जर्मन हवाई दलाचे कांहीं अधिकारी प्रवासी म्हणून बरोबर देण्यांत आले होते. ज्याला हेतु शोधावयाचा त्याला तो पावलोपावलीं सांपडत होता. परंतु हेतु सांपडणें आणि हात सांपडणें यांत फार अंतर असतें.

एकेनेर त्या रात्रीं ऑस्ट्रियांत ग्राट्झ येथें होते. मध्यरात्रीं वर्तमानपत्राच्या बातमीदारानें दूरध्वनीवरून त्यांना उठविलें. झोपेंतून उठलेल्या, उभें आयुष्य झेपेलिनमध्यें घालविलेल्या त्या गृहस्थांच्या तोंडून धमकीच्या पत्रांचा उल्लेख आणि घातपाताची शक्यता हे शब्द निघून गेले, आणि ते जगभर पसरले. बर्लिनला पोंचल्यावर त्यांनीं तें विधान मागें घेतलें. नाझी सरकारला, आपल्या स्वस्तिकाचें जहाज कोणी एका माणसानें उडवून दिलें असें जगानें म्हणणें रुचण्यासारखें नव्हतेंच. त्यामुळें एकेनेर यांच्या माघारीकडे लोकांनीं संशयानें पाहिलें. पण एकेनेर यांचें मत नुसत्या दडपणानें बदललें असें म्हणणें त्यांच्यावर अन्याय होईल. अमेरिकेस जाऊन त्यांनीं साक्षीदारांचें म्हणणें ऐकलें, अवशेष पाहिले, आणि मग जें मत दिलें तें त्यांच्या स्वतःच्या कारखान्याला आणि कप्तानाला मुळींच सोईचें नव्हतें.

अमेरिकन सरकारच्या व्यापार खात्यानें नेमलेलें मंडळ १० मे रोजींच लेकहर्स्टच्या तळावर बसलें. साऊथ ट्रिंबल, मेजर श्रोडर आणि डेनिस मलिगन हे त्याचे सभासद. जर्मनीहून आलेल्या मंडळाचे प्रमुख एकेनेर असून त्यांत जहाजाचे शिल्पकार लुडविग ड्यूर आणि म्यूनिकचे विद्युत्शास्त्रज्ञ प्रा. माक्स डीकमान हे होते. एडगर हूव्हर यांच्या गुप्त पोलिसांचीहि मदत होती. सुटलेल्या ठिणग्या, तुटलेला पंखा, बिनतारी यंत्र, आकाशांतील वीज, घातपात, एवढेंच नव्हे तर पाइनच्या रानांतून कोणी बंदूक झाडली असावी ही आवईसुद्धां, असें एकेक कारण पुढें घेऊन तें पुराव्याच्या तराजूंत घालण्याचा क्रम त्यांनीं ठेविला.

सर्वांत मोलाची साक्ष होती ती शेपटाच्या खालच्या पंखांत उतरण्याच्या कामासाठीं बसलेल्या चार खलाशांची. आगीच्या इतक्या जवळ असूनहि ते चौघेहि वांचले; ज्वाळा वर चढतात आणि ते होते खालीं. त्यांपैकीं हेल्मुट लाऊ यानें सांगितलें कीं, वर पाहतांना चौथ्या क्रमांकाच्या वायुकोशांत एकदम प्रखर उजेडाचें प्रतिबिंब दिसलें, आंतून कागदी कंदील उजळावा तसें, आणि दुसऱ्याच क्षणीं कोश नाहींसा झाला. आवाज झाला तो मोठा धमाका नव्हता. घरांतील गॅसची शेगडी पेटतांना होतो तसा दबलेला, अशा अर्थाचें वर्णन कित्येकांनीं केलें. बाँब असता तर आवाज असा झाला असता काय, हा प्रश्न मंडळासमोर उभा राहिला. जमिनीवरून दोर झेलण्यास आलेल्यांपैकीं कांहींनीं आग दिसण्यापूर्वीं शेपटाजवळचें कापडी आवरण लाटेसारखें फडफडतांना पाहिलें होतें. एंजिनाच्या वाऱ्यानें तें हलण्याची ती जागा नव्हती. आंतून वायु सुटत असला तरच तें तसें हलेल.

या फडफडीवर एकेनेर यांनीं बोट ठेविलें. त्यांचें म्हणणें असें: जहाजानें जें तीव्र वळण घेतलें त्याच्या ताणानें शेपटांतील एखादी पोलादी तार तुटली असावी, त्या तुटक्या टोंकानें कोश फाडला, वायु वरच्या पोकळींत साठत गेला आणि शेपूट जड होऊं लागलें, वादळ नुकतेंच सरलेलें असल्यानें हवा विद्युतभारित होती, आणि साठलेलें मिश्रण त्या विजेनें पेटलें. जहाज आपलें, बांधणी आपली, कप्तान आपलाच शिष्य, आणि तरीहि वळण चुकलें असावें असें उघड मंडळापुढें सांगावयाचें, यास मनाचा मोठा धीर लागतो. घातपात म्हटला असता तर सारें कसें सोपें झालें असतें!

प्रा. डीकमान यांनीं म्यूनिकला जाऊन आवरणाच्या तुकड्यांवर प्रयोग केले, आणि मधल्या चार मिनिटांचें कोडें त्यांनीं बरेंचसें उलगडलें. दोर खालीं पडले तेव्हां ते कोरडे होते. कोरड्या दोरांतून वीज नीट वाहत नाहीं. पावसानें ते भिजत गेले तशी सांगाड्यांतील वीज त्यांवाटे जमिनींत उतरूं लागली. परंतु कापडी आवरण सांगाड्याशीं बांधलेलें होतें तें सुती दोऱ्यांसारख्या दोऱ्यांनीं, आणि त्या वीज धड वाहूं देत नव्हत्या. सांगाडा जमिनीसारखा निर्भार झाला. आवरण मात्र भारितच राहिलें. दोहोंमध्यें फट होती तेथें ठिणगी उडाली. वायु तेथें नसता तर ती ठिणगी कोणाला दिसलीहि नसती.

अमेरिकन मंडळाचा अहवाल त्याच वर्षीं जुलैमध्यें पुरा झाला. त्याचा निष्कर्ष थोडक्यांत असा होता: चौथ्या-पांचव्या कोशांच्या आसपास वायु गळला, त्याचें हवेशीं मिश्रण झालें, आणि वातावरणांतील विजेच्या एका प्रकारच्या स्रावानें तें पेटलें हें सर्वांत अधिक संभवनीय दिसतें, घातपाताचा पुरावा मंडळापुढें आलेला नाहीं. जर्मन अहवाल १९३८ च्या आरंभीं निघाला. तोहि विजेच्याच बाजूला झुकला. पण कोणतेंहि कारण संपूर्ण सिद्ध करतां येत नसल्यानें बुद्धिपुरस्सर केलेल्या नाशाची शक्यता वगळतां येत नाहीं, असें एक वाक्य त्यानें मागें ठेविलें. शास्त्राच्या दृष्टीनें तें वाक्य चूक नव्हतें. जें नाकारण्याइतका पुरावा नाहीं तें नाकारूं नये, एवढाच त्याचा अर्थ. पण सामान्य माणूस अहवाल शास्त्रीय भाषेंत वाचीत नाहीं. 'वगळतां येत नाहीं' याचा त्यानें 'झालें असलें पाहिजे' असा अर्थ केला, आणि मग तें कृत्य करणारा माणूस शोधण्यास सुरुवात झाली.

पहिला संशय आला तो एका जिवंत माणसावर. योसेफ श्पे हा कसरतपटू प्रवासी म्हणून जहाजावर होता. घरच्या मुलांसाठीं घेतलेला जर्मन जातीचा एक कुत्रा त्यानें बरोबर आणला होता, आणि तो शेपटाकडील मालाच्या खोलींत बांधलेला होता. श्पे त्याला खावयास घालण्याकरितां वारंवार तिकडे जाई, आणि एकट्यानें जाण्यास मनाई असतांनाहि एक-दोनदां एकटा गेला. शिवाय तो जेवणाच्या टेबलावर नाझींची थट्टा करी. एवढ्यावरून कांहीं नोकरांनीं आणि खुद्द कप्तान प्रुस यांनीं त्याच्याकडे बोट दाखविलें. गुप्त पोलिसांनीं त्याची माहिती काढली, शेजाऱ्यांकडे विचारपूस केली, आणि हातीं कांहींच लागलें नाहीं. श्पे यानें आपल्या कॅमेऱ्यानें खिडकी फोडून, बाहेर लोंबकळून, योग्य वेळीं उडी टाकून जीव वांचविला होता. घोट्यास दुखापत झाली. कुत्रा जळून गेला. ज्या कुत्र्यासाठीं तो तिकडे जाई, त्याच्यासकट स्वतःलाहि जाळण्याचा कट या माणसानें केला असें मानावयाचें तर त्यास पुरावा भक्कम हवा होता. संशय मात्र त्याच्या मागें दीर्घ काळ राहिला.

दुसरा संशय आला पंचवीस वर्षांनीं, आणि तो आला एका मृतावर. १९६२ सालीं अमेरिकन लेखक ए. ए. होलिंग यानें एक पुस्तक लिहून एरिख श्पेल याचें नांव घेतलें. श्पेल हा जहाजावरील वायुकोशांची निगा राखणारा तरुण कारागीर; पंचविशीच्या आसपासचें वय. कोशांमधून जाणाऱ्या शिड्यांवर तो कामासाठीं नित्य वावरे, तेव्हां संधि त्याला होती. त्याला छायाचित्रणाचा नाद होता, तेव्हां लखलखाट करणारा दिवा त्याच्यापाशीं असूं शकेल. त्याच्या मैत्रिणीचे विचार नाझीविरोधी होते असें सांगत. न्यूयॉर्क पोलिसांना अवशेषांत कोरड्या बॅटरीच्या अवशेषासारखें कांहीं तरी सांपडलें होतें. आणि लाऊनें आंत पाहिला तो प्रखर उजेड. एवढे पांच-सहा दुवे जोडून होलिंग यानें एक सांखळी तयार केली.

ती सांखळी दुरून भक्कम दिसते. एकेक कडी हातांत घेतली म्हणजे मात्र सुटते. शिड्यांवर वावरणें हें श्पेलचें कामच होतें. तें न करणारा कारागीर उलट संशयास्पद ठरला असता. छायाचित्रें काढणारीं माणसें त्या जहाजावर अनेक होतीं. बॅटरी तर कोणाच्याहि खिशांतील विजेरींत असते. झडपेच्या टोपणावर एक पिवळा पदार्थ सांपडला म्हणून गंधकाचा बोलबाला झाला. तो आग विझविण्याच्या साधनांतला निघाला. उरला तो उजेड. पण हायड्रोजन कोशाच्या दुसऱ्या बाजूस पेटला तरीहि अलीकडून तो तसाच दिसणार.

वेळेचा प्रश्न त्याहून कठीण आहे. घड्याळ लावून कोणी यंत्र ठेविलें असतें तर तें माणसें उतरून जहाज रिकामें झाल्यानंतरची वेळ पाहून ठेविलें असतें, असें या मताचे कैवारी म्हणतात. वादळामुळें उशीर झाला आणि बेत फसला. ठीक. पण जहाज सकाळपासूनच उशिरानें धांवत होतें, आणि यंत्र ठेवणारा माणूस जहाजावरच होता. घड्याळ पुढें सरकविण्यास त्याला दिवसभर अवकाश होता. आग लागली तेव्हां श्पेल पळण्याच्या तयारींत कोठें खिडकीपाशीं नव्हता. तो नाकाच्या टोंकाशीं, नांगरण्याच्या आपल्या कामावर होता, आणि पेटलेल्या जहाजाचें नाक वर उचललें गेल्यावर ज्वाळा जणूं धुराड्यांतून याव्या तशा ज्या जागेवर चालून आल्या ती हीच जागा. तेथील बहुतेक माणसें मेलीं. श्पेलहि भाजून मेला. शिवाय दोर जमिनीस लागून चार मिनिटें होतात न होतात तोंच, वीज उतरण्यास अनुकूल अशा नेमक्या वेळीं, एखादें घड्याळहि योगायोगानें संपावें, हा योगायोग फारच सोईचा दिसतो.

होलिंगच्या पुस्तकानंतर १९७२ सालीं मायकेल मूनी यानें तीच कथा अधिक रंगवून लिहिली, आणि १९७५ सालीं रॉबर्ट वाइज यानें तिच्यावर चित्रपट काढला. त्यांत श्पेलचें नांव तेवढें बदललें होतें. तेव्हां होलिंगनें आपली कल्पना चोरल्याबद्दल फिर्याद केली. १९८० सालीं न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानें ती फेटाळली. न्यायालयाची विचारसरणी मोठी मार्मिक होती: जो लेखक एखादा वृत्तान्त इतिहास म्हणून, सत्य म्हणून जगापुढें मांडतो, त्याला त्या वृत्तान्तावर स्वामित्व सांगतां येत नाहीं, इतिहास सर्वांचा आहे. ती केवळ आपल्या डोक्यांतून निघालेली गोष्ट आहे असें म्हणण्याची होलिंगला सोय नव्हती, कारण मग श्पेलवरील आरोपच कोसळला असता. अशा रीतीनें ज्या तरुणाविरुद्ध कोणत्याहि मंडळानें एक ओळ लिहिली नव्हती, त्याच्यावरील आरोप न्यायालयांत मालकीहक्काचा विषय झाला. खरा कीं खोटा, हा प्रश्न तेथेंहि कोणी विचारला नाहीं, कारण दाव्यांत तो नव्हताच. आणि श्पेल याचें उत्तर घेण्याची सोय तर ६ मेच्या रात्रींच संपली होती.

कप्तान प्रुस भाजले होते, पण वांचले. १९६० सालीं ते वारले तोंवर घातपातावरील त्यांचा विश्वास ढळला नाहीं. रोझेंडाल यांचाहि कल तिकडेच राहिला. त्यांना खोटे ठरविण्याचें कारण नाहीं. ज्या जहाजावर आयुष्य उधळलें त्याची एक तार आपल्या हातच्या वळणानें तुटली, हें मानण्यापेक्षां अज्ञात शत्रूचा हात मानणें कोणाहि नाविकास सुसह्य वाटेल. लेहमान दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांत वारले. हें कसें झालें तें समजत नाहीं, असें ते पुनःपुन्हां म्हणत होते असें सांगतात. एकेनेर १९५४ पर्यंत जगले आणि आपल्या मतावर कायम राहिले.

नंतरच्या काळांत दुसरेहि तर्क निघाले. आवरणाच्या रोगणांतच ज्वालाग्राही द्रव्यें होतीं आणि आधीं पेटलें तें कापड, असें १९९० नंतर एका अमेरिकन शास्त्रज्ञानें मांडलें. पण नुसतें कापड इतक्या वेगानें जळत नाहीं असें इतरांनीं दाखविलें. २०२१ सालीं कॅलिफोर्नियांतील कॅलटेक या विख्यात संस्थेचे प्रा. गिआपिस यांनीं आवरण आणि सांगाडा यांची रचना पुन्हां बनवून प्रयोग केले. सांगाडा जमिनीशीं जोडला गेल्यानंतरहि आवरणावर भार कांहीं मिनिटें सांचत जातो, असें त्यांना दिसलें. म्हणजे डीकमान यांच्या चार मिनिटांना ८४ वर्षांनंतर आणखी एक पाठबळ मिळालें. वायु प्रथम कोठून आणि कां सुटला, तार खरोखर तुटली कीं झडप अडकली, हें मात्र जळून गेलेल्या कोशांबरोबरच गेलें.

घातपाताची शक्यता ज्यांच्या अहवालानें मोकळी ठेविली होती, त्या जर्मनांनीं पुढें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. हिंडेनबर्गचें जुळें भावंड, 'एल झेड १३०', त्या वेळीं फ्रीड्रिखशाफेनला बांधलें जात होतें. ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर अमेरिकेनें हेलियम देण्याचें साफ नाकारलें, तेव्हां १९३८ च्या सप्टेंबरांत तेंहि हायड्रोजनवरच उडालें. पण उडण्यापूर्वीं कारखान्यानें एक फरक केला होता. आवरण सांगाड्याशीं बांधणाऱ्या दोऱ्यांवर त्यांनीं वीजवाहक ग्रॅफाइट चढविलें, आणि रोगणांतहि तें मिसळलें, म्हणजे सांगाड्यांतील वीज उतरली कीं कापडांतलीहि उतरावी. तें जहाज त्यानंतर कित्येकदां उडालें आणि सुखरूप उतरलें. १९४० सालीं गोअरिंगच्या हुकमानें तें मोडून त्याचा धातु लढाऊ विमानांसाठीं काढून घेण्यांत आला, आणि फ्रँकफुर्टच्या त्याच्या रिकाम्या छपऱ्या सुरुंग लावून पाडण्यांत आल्या. तो दिवस होता ६ मे.